वेळापत्रक मुलांचे : बोर्डी-कोसबाडच्या शाळेचा इतिहास

संस्थेचा इतिहास लिहिताना इमारती, देणग्या, अध्यक्ष-चिटणीसांच्या कारकिर्दी अशा क्रमाने जाण्याची आपल्याकडे रीत आहे. नूतन बाल शिक्षण संघाबद्दल लिहिताना ती बाजूला ठेवावीशी वाटते. १९२६ मध्ये भावनगरला स्थापन झालेल्या या संघाने पुढे बोर्डीला आणि कोसबाडला जे काम उभे केले, त्याचा इतिहास मला तिथल्या शाळेच्या दिनक्रमात दिसतो. मूल सकाळी किती वाजता येते, येताना कडेवर कोणाला घेऊन येते, भाताच्या लावणीत अचानक दिसेनासे का होते, दिवसभर रानात असलेल्या मुलाला शाळा भेटणार कधी, या प्रश्नांपाशी ही संस्था पुन्हा पुन्हा थांबली. प्रत्येक वेळी तिने मुलाला दोष देण्याऐवजी आपला दिवस बदलून पाहिला. अंगणातली बालवाडी, पाळणाघराला जोडलेली प्राथमिक शाळा, कुरणशाळा आणि रात्रशाळा यांचा जन्म असाच झाला.

भावनगरचा काळ थोडक्यात सांगतो. गिजुभाई बधेका पेशाने वकील होते. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करताना मारिया माँटेसोरी यांच्या पद्धतीशी त्यांची ओळख झाली आणि वकिली मागे पडली. १९२० मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तिथे आल्या. त्याआधी त्या राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. पद, पगार, प्रतिष्ठा सोडून त्या लहान मुलांमध्ये येऊन बसल्या, ही गोष्ट त्या काळात सोपी नव्हती. आधी स्वतः जमिनीवर बसून मुलाकडे नीट बघायचे आणि मग त्याला काय शिकवायचे ते ठरवायचे, ही त्यांची पुढची सवय इथेच पक्की झाली.

बालमंदिरात छडी नव्हती, बक्षीस नव्हते, नंबरही नव्हता. मुलाने आपल्या मनाने साधन निवडायचे, हवा तेवढा वेळ त्याच्याशी खेळायचे आणि काम झाले की ते जागच्या जागी ठेवायचे. मधेच शांतीचा खेळ व्हायचा. त्यात सगळ्यांनी निःशब्द बसून आजूबाजूचे बारीक आवाज ऐकायचे. गोष्टीला रोजचे मानाचे स्थान होते. गिजुभाईंचे ‘दिवास्वप्न’ वाचलेल्या शिक्षकांना यातले बरेच ओळखीचे वाटेल. त्यातला मास्तर प्राथमिक शाळेची चौथी हातात घेतो आणि पुस्तक उघडण्याआधी मुलांना गोष्टी सांगू लागतो. मूल आधी आपल्यापाशी बसले पाहिजे, शिकणे त्यानंतर, हा क्रम भावनगरातून बोर्डीपर्यंत तसाच आला.

१९३३ पासून ताराबाईंनी ‘शिक्षणपत्रिका’ मराठीत चालवली आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले. मुंबईतल्या आई-वडिलांना बालशिक्षणाची गोडी लागली ती मुख्यतः या दोन वाटांनी. मनोरा, दट्ट्यांची पेटी, बोट फिरवून शिकायची खरखरीत अक्षरे ही साधने मराठी घरांच्या बोलण्यात आली. शिशुविहाराला जोडून शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचेही काम चाले. मात्र ही साधने महाग होती आणि फी भरू शकणाऱ्या घरांतलीच मुले त्यांच्यापर्यंत पोचत होती. ताराबाईंना हे बोचत असे. माँटेसोरींचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब मजुरांच्या वस्तीत निघाले होते. त्यांची पद्धत भारतात आली ती मात्र शहरातल्या सुखवस्तू घरांत. ती खेड्यातल्या गरिबाच्या मुलापर्यंत नेता येते का, हे पाहण्यासाठी पन्नाशी ओलांडलेल्या ताराबाई मुंबईबाहेर पडल्या.

बोर्डी हे डहाणू तालुक्यातले समुद्राकाठचे गाव. किनाऱ्याला चिकूच्या वाड्या आणि आत डोंगराच्या बाजूला वारल्यांचे विखुरलेले पाडे. आचार्य भिसे यांच्यामुळे गावात हायस्कूल होते, शिक्षणाचे वातावरण होते. पाड्यांवरची स्थिती अगदी वेगळी होती. जमीनदार आणि जंगलठेकेदारांची वेठ, कर्ज आणि लग्नासाठी घेतलेल्या पैशापोटी आयुष्यभराची गुलामी, हे तिथले रोजचे जगणे होते. १९४५ मध्ये वारली शेतमजुरांनी किसान सभेच्या नेतृत्वाखाली या वेठीविरुद्ध उठाव केला. त्याच वर्षी २४ डिसेंबरला ताराबाईंनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. उठाव आणि केंद्र या दोन वेगळ्या वाटा होत्या. ज्या घरांतला बाप वेठीला नाही म्हणायला शिकत होता, त्याच घरांतल्या मुलांसाठी ही शाळा पुढे उभी राहायची होती, म्हणून या दोन घटना मी शेजारी ठेवतो.

या कामासाठी ताराबाईंना अनुताई वाघ मिळाल्या. मोरगावात जन्मलेल्या अनुताईंचे तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत वैधव्य आले. तिथून पुढे त्यांनी व्हर्नाक्युलर फायनल केले, शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, चांदवडला आणि मग पुण्याच्या हुजूरपागेत शिकवले. नोकरी करता करता त्या मॅट्रिक झाल्या. बी. ए. झाल्या तेव्हा वयाची पन्नाशी उलटली होती. १९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची आणि ताराबाईंची भेट झाली. बोर्डीला आलेल्या अनुताई परत फिरल्या नाहीत. पुढची जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे त्यांनी याच कामाला दिली. ताराबाईंनी विचार मांडायचा आणि अनुताईंनी तो रोज सकाळी मुलांमध्ये चालवून बघायचा, अशी ही जोडी होती. मूल कुठे अडते हे अनुताई सांगत आणि ताराबाई पुन्हा विचाराला लागत.

पहिली अडचण हजेरीची. केंद्राची मध्यवर्ती बालवाडी ठरलेल्या वेळी भरायची. गावातल्या सुस्थितीतल्या घरांची मुले वेळेवर येत. गरीब वस्त्यांतली मुले येत नसत, आणली तर टिकत नसत. याची कारणे शोधायला दोघी बायका वस्तीत जाऊ लागल्या. आई पहाटे मजुरीला जाते आणि मुलाला उठवून, धुऊन-पुसून पाठवायला घरी कोणी नसते. चार-पाच वर्षांच्या मुलालाही घरचे एखादे काम असते. मुलाच्या अंगावर धड कपडा नसतो आणि चांगल्या कपड्यांतल्या मुलांमध्ये जाऊन बसायची त्याला भीती वाटते. त्यावर उपाय निघाला तो असा की मूल जिथे असते तिथेच, त्याच्या वस्तीत, कोणाच्या तरी अंगणात बालवाडी भरवायची आणि तिची वेळ घरातल्या कामांकडे बघून ठरवायची. सकाळी जमले तर सकाळी, दुपारी जमले तर दुपारी. शिक्षिकेने पिशवी घेऊन जायचे, अंगण झाडून घ्यायचे आणि सुरुवात करायची. मध्यवर्ती बालवाडी आणि अंगण बालवाडी असे दोन प्रकार इथून पुढे संस्थेच्या कामात रूढ झाले. केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. आज देशभर गावोगाव दिसणारी अंगणवाडी ही त्या योजनेतली. बोर्डीच्या अंगणात जे घडले त्याचे ऋण त्या नावात तरी उरले आहे.

अंगणातल्या त्या दिवसाची सुरुवात स्वच्छतेने व्हायची. आजच्या शाळांत परिपाठाच्या वेळी नखे-केस तपासतात, त्यापेक्षा हे काम फार मोठे होते. खरूज, चिघळलेले कान, चिकटलेले डोळे हे तिथे घरोघर होते. शिक्षिकेने मुलांना आंघोळ घालायची, डोके विंचरायचे, नखे कापायची. हे सगळे शिक्षणातच धरले जाई. अंगावर पाणी घेताना मूल तांब्या धरायला शिकते, बटण लावताना बोटे वळवायला शिकते, आणि आपल्या अंगाला कोणीतरी मायेने हात लावते हेही त्याला कळते. प्रौढांचा हात म्हणजे मार एवढेच ज्याला ठाऊक आहे, त्या मुलासाठी हा शेवटचा धडा सगळ्यात मोठा.

मग प्रार्थना, गाणी, अभिनयगीते. त्यानंतर साधनांचा तास. विकत आणलेली साधने इथे परवडणारी नव्हती आणि परवडली असती तरी ती परकी वाटली असती. म्हणून साधने रानातून आणि किनाऱ्यावरून आली. मोजायला चिंचोके, सागरगोटे, शंख-शिंपले. लहान-मोठे लावायला दगड आणि बांबूचे तुकडे. रंग ओळखायला फुले आणि बिया. आकार आणि कडा ओळखायला पाने. खरखरीत आणि गुळगुळीत यांतला फरक सागाच्या आणि केळीच्या पानावरून बोट फिरवले की कळतो. माँटेसोरींच्या पद्धतीचा गाभा, म्हणजे डोळे, कान, हात यांना वळण देत बुद्धीपर्यंत जाणे, इथे पुरा शाबूत राहिला आणि खर्च जवळजवळ शून्यावर आला. माझ्या मते ताराबाईंची सगळ्यात मोठी बौद्धिक कामगिरी हीच. एखादी पद्धत जशीच्या तशी उचलणे सोपे असते आणि टाकून देणेही सोपे असते. तिच्यातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवायला मात्र पद्धत आणि मूल दोन्ही आतून माहीत असावी लागतात.

शेवटी गोष्ट आणि थोडा खाऊ. खाऊला दुय्यम समजू नये. उपाशी मुलाला बेरीज येत नाही, हे संस्थेने कोणत्याही योजनेची वाट न बघता ओळखले होते.

१९५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. बोर्डीपासून फार लांब नाही, तरी जग बदलले. आता वस्ती जवळजवळ सगळी वारल्यांची, पाडे एकमेकांपासून दूर आणि पावसाळ्यात ओढे भरले की वाट बंद. टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीच्या शेतीविषयक कामाचा शेजार होता. अनुताईंनी पुढे आपल्या आत्मकथनाला ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे नाव दिले, इतकी ती जागा त्यांच्या आयुष्याशी एकरूप झाली.

कोसबाडला प्राथमिक शाळेचा प्रश्न खऱ्या अर्थाने समोर आला. बालवाडीतून बाहेर पडलेले मूल पहिलीत जाते आणि काही महिन्यांत नाहीसे होते. मुलगी असेल तर आणखी लवकर. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. सात-आठ वर्षांची मुलगी घरातल्या तान्ह्या भावंडाची दिवसभराची आई असते. ती शाळेत आली तर बाळाचे काय? बाळ कडेवर घेऊन आली तर वर्गात ते रडणार, मास्तर तिला बाहेर घालवणार, आणि एकदा बाहेर गेलेली पोर पुन्हा येणार नाही. सरकारी भाषेत याला गळती म्हणतात. कोसबाडने बाळासकट मुलीला आत घेतले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, शेजारी शेजारी बांधली आणि या एकत्र रचनेला विकासवाडी म्हटले.

विकासवाडीतला दिवस कसा चालायचा याचा विचार केला की रचनेतली युक्ती कळते. ताई येते, तान्ह्याला पाळणाघरात ठेवते, चार वर्षांच्या भावाला बालवाडीत सोडते आणि स्वतः पहिली-दुसरीच्या वर्गात बसते. मधल्या वेळेत जाऊन बाळाकडे बघून येते. पाळणाघरात बाळाला कसे धुतात, काय भरवतात हे तिच्या डोळ्यांसमोर घडते, म्हणजे तिच्या घरच्या कामाचेही शिक्षण तिला तिथेच मिळते. शाळा सुटली की तिघे मिळून पाड्यावर परततात. तीन वयोगटांची मुले एकमेकांच्या नजरेत वाढतात. बालवाडीतल्या मुलाला पहिलीचा वर्ग परका राहत नाही, कारण तो त्याने रोज खिडकीतून बघितलेला असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एक सलग टप्पा मानला आणि बालवाडी ते दुसरी यांतली भिंत काढायला सांगितले. कोसबाडला ती भिंत सुरुवातीपासूनच बांधली नव्हती.

प्राथमिक वर्गातले शिकणेही बालवाडीच्याच वाटेने पुढे गेले. लिहिण्याआधी बोलणे, बोलण्याआधी ऐकणे. वारली मूल घरी आपल्या बोलीत बोलते. पाठ्यपुस्तकातली मराठी त्याला जवळजवळ दुसरी भाषा. मुलाचे बोलणे ‘अशुद्ध’ म्हणून पहिल्याच दिवशी दुरुस्त करायला घेतले की त्याचे तोंड मिटते, ते वर्षभर उघडत नाही. म्हणून शिक्षिकेने आधी मुलांची बोली ऐकायची, त्यांच्या गोष्टी, त्यांची गाणी घ्यायची, आणि तिथून हळूहळू पुस्तकापर्यंत न्यायचे. गणितात तर मुलांकडे मोठी शिदोरी होती. बाजारात लाकडाच्या मोळीचे पैसे घेणारे मूल तोंडी हिशोबात कच्चे नसते. शाळेने फक्त तो हिशोब पाटीवर आणायचा. झाडे, पाखरे, मासे, खेकडे यांचे ज्ञान मुलांना शिक्षिकेपेक्षा जास्त होते. परिसर-अभ्यास म्हणून आज जो विषय शिकवला जातो, त्यात मुलेच शिकवणारी होती.

तरीही काही मुले येतच नव्हती, ती गुराख्यांची. सकाळी गुरे सोडली की संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी परत. त्यांना शाळेत आणायचे तर गुरे कोणी राखायची? घरच्या उत्पन्नाचा तो भाग होता. धनकोच्या घरी गुरे राखायला ठेवलेले पोर असेल तर सुटीचा प्रश्नच नव्हता. अंगणाने घरातल्या मुलाचा प्रश्न सोडवला, पाळणाघराने बहिणीचा. गुराख्यासाठी ताराबाईंनी शाळाच कुरणात पाठवली. ही कुरणशाळा मला साऱ्या महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासातला फार मोलाचा प्रयोग वाटतो. म्हणून तिच्याबद्दल थोडे थांबून लिहितो.

कुरणशाळेला इमारत नाही, घंटा नाही. गुरे ज्या बाजूला चरायला जातील त्या बाजूला शाळा जाते. शिक्षक खांद्याला पिशवी अडकवून निघतो. तिच्यात चित्रे, पाट्या, खेळायची काही साधने. झाडाखाली मुले जमतात. सुरुवात खेळाने आणि गप्पांनी, कारण गुराखी मूल वर्गाच्या शिस्तीला बुजते, खेळाला बुजत नाही. मोजायला गुरे समोरच आहेत. कोणाची किती, गाभण किती, काल होती त्यातले कोणते आज नाही. दिशा सूर्यावरून, वेळ सावलीवरून. गवताच्या जाती, कोणते गुरांना चालते, कोणते नाही. मग तेच शब्द पाटीवर. हे सगळे गुरे नजरेआड होऊ न देता करायचे, म्हणजे कोणीतरी सतत गुरांकडे बघत राहायला हवे आणि धडा कधीही मोडू शकेल याची शिक्षकाने तयारी ठेवायला हवी. एखादी गाय कोणाच्या शेतात शिरली की सगळी शाळा उठून धावणार, आणि ती परत जमेपर्यंत शिक्षकाने शांत बसायचे. ठरलेल्या तासांत, ठरलेल्या भिंतींमध्ये शिकवायची सवय असलेल्या माणसासाठी याहून अवघड परीक्षा नाही.

काही शिक्षणतज्ज्ञांना शंका येईल की यामुळे बालमजुरीलाच मान्यता मिळते. शंका रास्त आहे. मुलाने गुरे राखू नयेत, शाळेतच यावे, हा हक्क आज २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने दिला आहे आणि तो हवाच. त्या काळी मात्र कोसबाडच्या टेकडीवर दोनच पर्याय होते, कुरणात शिकणारे मूल किंवा मुळीच न शिकणारे मूल. ताराबाई आणि अनुताईंनी पहिला निवडला. त्यांच्या निवडीमागे लाचारी नव्हती, त्या पोराबद्दलचा आदर होता. त्याच्या कामाला कमी न लेखता त्याच्यापर्यंत जायचे, हे त्यांनी ठरवले होते.

दिवसा कामावर असलेल्या मोठ्या मुलांसाठी रात्रशाळा चालली. या सगळ्या प्रकारांना शिक्षिका लागतात, त्या पुण्या-मुंबईहून येऊन टिकणार नाहीत, म्हणून गावच्याच मुली-बायकांना बालसेविका म्हणून तयार करण्याचे वर्ग सुरू झाले. थोडे शिकलेल्या बाईलाही मूल समजून घेता येते, तिला मानाने शिकवले तर ती उत्तम शिक्षिका होते, हा या प्रशिक्षणाचा पाया होता. ‘बालवाडी कशी चालवावी’ हे अनुताईंचे पुस्तक याच अनुभवातून आले.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. पुढची धुरा अनुताईंनी वाहिली. त्यांना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. बालशिक्षणाबरोबर मूकबधिर मुलांचे शिक्षण, बायकांचे प्रश्न अशा कामांतही त्या पडल्या. १९८२ मध्ये रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ग्राममंगल ही संस्था काढली. तिने डहाणू तालुक्यातल्या ऐने इथे आदिवासी मुलांबरोबर शिकण्याचे नवे प्रयोग केले. सप्टेंबर १९९२ मध्ये अनुताई कोसबाडलाच निवर्तल्या.

संघाच्या शताब्दीच्या उंबरठ्यावर एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. पालघर जिल्ह्यात आज प्राथमिक शाळा पाड्या-पाड्यांवर आहेत, दुपारचे जेवण आहे, पुस्तके मोफत आहेत. पण दिवाळी झाली की अनेक घरे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, रेतीच्या कामावर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधले सहा-सात महिने मूल पटावर असते, वर्गात नसते. नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच मजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवून यावर एक वाट दाखवली होती. आश्रमशाळांचा आणि हंगामी वसतिगृहांचा उपायही आहे, त्यात लहान मूल आईपासून तुटते, ही त्याची किंमत. शाळेचे वर्ष जूनपासून एप्रिलपर्यंत असावे हे कोणत्या मुलांकडे बघून ठरले आणि स्थलांतर करणाऱ्या मुलांचे वर्ष कोणत्या महिन्यात सुरू होते, हा प्रश्न या संस्थेच्या कामाच्या अगदी मधोमध बसतो. शताब्दीनिमित्त जमणारा निधी आणि जमणारी माणसे या एका कामाकडे वळवावीत, अशी माझी संस्थेला विनंती आहे. डहाणू, विक्रमगड, जव्हारमधून किती मुले कोणत्या महिन्यात कुठे जातात याची पाहणी येत्या दिवाळीआधी सुरू करता येईल. ती करायला कोसबाडला तयार झालेल्या बालसेविकांइतक्या जाणत्या दुसऱ्या कोणी मिळणार नाहीत, कारण त्यांना त्या घरांचे पत्ते तोंडपाठ आहेत.